तान्ह्याची त्वचा आणि खोबरेल

महाड आणि पोलादपूर हे तालुके श्रीवर्धनसारखे नारळाच्या आगरांचे नसले, तरी बाळाची टाळू भरायला आणि अंगाला चोळायला सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या वाड्यांतही खोबरेलच जवळचे. या रूढीला विज्ञानाचा आधार कितपत आहे, हे ठरवण्याआधी तान्ह्याच्या त्वचेची घडण पाहावी लागते.

त्वचेचा सर्वांत वरचा थर, म्हणजे शृंगीस्तर, मृत पेशींचा असूनही अंगातील पाणी आत आणि जंतू बाहेर ठेवण्याचे काम मुख्यतः तोच करतो. जांभ्याच्या भिंतीत चिरे असावेत तशा त्यात पेशी रचलेल्या असतात, आणि सांध्यांतील चुन्याच्या जागी सिरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले असतात. हे बांधकाम गर्भात 34व्या आठवड्याच्या सुमारास पुरे होत येते. म्हणूनच स्वीडनमधील उप्सालाच्या हामरलुंड आणि सेदिन यांनी 1979 पासून केलेल्या मोजमापांत 25-26 आठवड्यांच्या बाळाच्या त्वचेतून पूर्ण दिवसांच्या बाळाच्या सुमारे 15 पट पाणी उडून जाताना आढळले. सावित्रीच्या खोऱ्यातील पावसाळी दमट हवेत हे बाष्पीभवन मंदावते, परंतु बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी हवा तापवून तिची सापेक्ष आर्द्रता घटवते आणि धूर देते तो वेगळाच.

मुंबईच्या सायन रुग्णालयातील डॉक्टरांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत खोबरेल, खनिज तेल आणि पावडर यांची तुलना केली, तेव्हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन खोबरेलाच्या मालिशीने इतर दोन्ही गटांपेक्षा वेगाने वाढले. महागड्या क्रीमच्या जाहिरातींच्या गदारोळात या कामाची आठवण क्वचितच काढली जाते. मात्र कोणाला कोणते तेल लागले हे या चाचणीत झाकलेले नव्हते, आणि वजन वाढणे म्हणजे त्वचेचा अडसर सुधारणे नव्हे. त्याचा थेट पुरावा 2015 मध्ये दिल्लीतून आला, दीड किलोहून कमी वजनाच्या बाळांत खोबरेलाने पाण्याची गळती घटल्याचा.

पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाबाबत एवढा लाभ गृहीत धरता येत नाही, आणि डाळीच्या पिठाने अंग घासण्याची रीत तर कोवळा शृंगीस्तर खरवडणारीच आहे. जन्मतः अंगावर असलेला पांढरा चिकट लेपही घाईने पुसू नये, कारण तो त्वचेला ओलावा देतो आणि त्यात जंतुरोधक प्रथिने असतात. पहिली अंघोळ किमान 24 तास लांबवावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तेल वा क्रीम लावल्याने इसब टळतो, हा दावा मात्र टिकलेला नाही. ब्रिटनमध्ये इसबाचा धोका अधिक असलेल्या 1394 बाळांवर झालेल्या चाचणीत (2020) वर्षभर रोज क्रीम लावूनही इसबाचे प्रमाण लक्षणीय घटले नाही, उलट त्वचेचे संसर्ग काहीसे अधिक नोंदले गेले. इसबाच्या अनेक रुग्णांत, तसेच त्वचेवर खवले धरणाऱ्या मत्स्यत्वचा या आनुवंशिक विकारात, फिलाग्रिन या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो, हे डंडी येथील संशोधकांनी 2006 मध्ये दाखवले. ते प्रथिन पेशींच्या आतच तयार व्हावे लागते, आणि खोबरेलाच्या वाटीतून त्याची भरपाई होत नाही.