क्रमवर्धी भिंगांची निवड : एक भूमितीय मर्यादा व तिचे व्यावहारिक परिणाम

वयाच्या चाळिशीपंचेचाळिशीच्या सुमारास डोळ्यातील भिंगाची लवचीकता इतकी कमी होते की, हातातील पुस्तक दूर धरल्यावाचून अक्षरे स्पष्ट दिसत नाहीत. व्यवहारात यालाच ‘चाळिशी लागणे’ म्हणतात. दूरच्या व जवळच्या अशा दोन काचा एकाच चौकटीत वरखाली बसविण्याचा उपाय बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८५ सालच्या एका पत्रात वर्णिला आहे. परंतु अशा चष्म्यात काचांच्या सांध्यावर प्रतिमा एकदम सरकते, आणि हातभर अंतरावरील वस्तूची सोय कोणतीच काच करीत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी बर्नार मेतनाझ यांनी फ्रान्समध्ये वरून खाली शक्ती क्रमाने वाढत जाणारे भिंग सिद्ध केले. १९५९ साली ते ‘व्हॅरिलक्स’ या नावाने बाजारात आले. आज ज्यांना ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणतात ती भिंगे याच जातीची होत.

अधिक किंमत मोजली की कडेपर्यंत निर्दोष भिंग मिळते, अशी ग्राहकाची समजूत असते. गणिताचा निर्णय निराळा आहे. ज्या मध्यरेषेवरील प्रत्येक बिंदूपाशी पृष्ठाचे वक्रत्व सर्व दिशांना समान आहे, अशा रेषेच्या दोन्ही बाजूंस अबिंदुकता, म्हणजे किरण एका बिंदूत न मिळण्याचा दोष, वाढू लागतो. आणि या वाढीचा वेग मध्यरेषेवर शक्ती ज्या वेगाने वाढते त्याच्या दुप्पट असतो. हा सिद्धांत ग्युंटर मिंकविट्झ यांनी १९६३ साली मांडला.

उदाहरणार्थ, वाचनासाठी २ डायॉप्टर वाढीव शक्ती हवी असून ती १८ मिलिमीटर उंचीत साधली, तर मध्यरेषेपासून ३ मिलिमीटरवर सुमारे ०.६७ डायॉप्टर दोष येतो. तीच वाढ १० मिलिमीटरमध्ये कोंबली तर तो १.२ डायॉप्टर होतो. संगणकनियंत्रित यंत्रांनी घडविलेल्या आधुनिक भिंगांत हा दोष अधिक कौशल्याने वाटून दिलेला असतो, एवढेच. तो नाहीसा होत नाही.

यावरून चौकटीची निवड हा केवळ शोभेचा प्रश्न राहात नाही. अरुंद, बुटक्या चौकटीत मार्गिका आखूड करावी लागते किंवा वाचनाचा भाग कापला जातो. तसेच वाढीव शक्ती जितकी अल्प, तितका दोषही अल्प. म्हणून ज्यांना हा चष्मा घ्यावयाचाच आहे त्यांनी तो पहिल्या वर्षांत घेतल्यास सवय लवकर जडते.

मात्र माझ्या मते सर्वांत अधिक लक्ष मोजमापाकडे द्यावयास हवे. मार्गिका अरुंद असल्यामुळे दोनतीन मिलिमीटरची चूकही उत्तम भिंग निरुपयोगी करू शकते. चौकट प्रथम नाकाकानांवर नीट बसवून घ्यावी. मगच प्रत्येक डोळ्याच्या बाहुलीचे नासिकामध्यापासूनचे अंतर व त्या चौकटीतील तिची उंची स्वतंत्रपणे मोजली जावी. दोन्ही बाहुल्यांमधील अंतर मोजून त्याची निमपट घेणे पुरेसे नाही, कारण चेहऱ्याच्या दोन बाजू क्वचितच सारख्या असतात. तयार भिंगावर शाईने फुली उमटविलेली असते. दुकानदार ती पुसण्यापूर्वी चष्मा लावून समोर पाहावे व फुली बाहुलीच्या मध्याशी येते की नाही, हे त्याच्याकडून तपासून घ्यावे. शाई पुसली गेली तरी भिंगात परस्परांपासून ३४ मिलिमीटर अंतरावर कोरलेल्या दोन सूक्ष्म खुणा शिल्लक राहतात व त्यांवरून फुलीचे स्थान पुन्हा काढता येते. चष्मा त्रासदायक वाटल्यास भिंगाला दोष देण्याआधी ही तपासणी करावी. परगावाहून मागविलेल्या चष्म्याच्या बाबतीत ही मोजमापे कोणी घेतली, हे विचारणे अगत्याचे आहे.

अध्यापक व संशोधकांचा बहुतेक वेळ संगणकासमोर जातो. पडदा सुमारे ६५ सेंटिमीटरवर, म्हणजे दीड डायॉप्टरच्या कक्षेत, व प्रायः नजरेच्या पातळीत असतो. सर्वसामान्य प्रोग्रेसिव्ह भिंगात तेवढी शक्ती खालच्या भागात असल्यामुळे हनुवटी वर करून पाहावे लागते व मान दुखते. अशांनी मध्यम व जवळच्या अंतरांसाठीच घडविलेली, टेबलावरील कामाची भिंगे वेगळी घ्यावीत. दोन चष्म्यांचा खर्च येथे अनाठायी नाही.

जिना उतरताना पायरी भिंगाच्या वाचनभागातून दिसत असल्यामुळे ती अस्पष्ट होते. बहुशक्तिक चष्मे वापरणाऱ्या वृद्धांत पडण्याचा धोका अधिक आढळतो, असे ऑस्ट्रेलियात २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले आहे. वयस्क वाचकांनी बाहेर चालण्यासाठी केवळ दूरदृष्टीचा एक साधा चष्मा जवळ बाळगावा; तो इतर चष्म्यांच्या मानाने बराच स्वस्त पडतो.