तिसऱ्या वाढदिवसाआधी

अमेरिकेत बाळाचे बोलणे-चालणे मागे पडले, तर १९८६ च्या कायद्याने त्याला जन्मापासून मदत मिळू शकते. तीन वर्षांपर्यंत ती बहुधा घरीच येते, पुढे शाळेमार्फत. पण अनेक राज्यांत ही दोन कामे दोन वेगळ्या खात्यांकडे, आणि मूल मधेच अडकते.

ते अडकू नये, हे पाहणे शिक्षण खात्यातील समन्वयकाचे काम. वाढदिवसाच्या किमान ९० दिवस आधी पालकांच्या संमतीने बैठक व्हावी, पात्र मुलाची लेखी शिक्षण योजना त्या दिवसापर्यंत तयार असावी.

तिकडे लेक-जावई असतील, तर एवढे कळवा: तपासणी मोफत असते, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही, घरच्या भाषेतली तपासणी मागता येते. ‘याचे अब्बाही उशिराच बोलले’ म्हणत आपण नेमके हेच महिने घालवतो.