प्लेटिंगचा गाळ तापविल्यावर काय होते?

पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण या औद्योगिक पट्ट्यात वाहनांच्या सुट्या भागांना जस्त, निकेल किंवा क्रोमियमचा मुलामा देणारे अनेक लहान-मोठे कारखाने आहेत. त्यांच्या सांडपाण्यातून धातू वेगळे काढल्यावर हिरवट, राखाडी किंवा तांबूस गाळ उरतो. वाळल्यावर तो चुन्याच्या भुकटीसारखा दिसतो. “यात चुना व जस्त आहे, शेताला चांगला” किंवा “पेटवून दिला की संपला” असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. तलावाचा गाळ आणि हा गाळ यांत नावाखेरीज काहीही साम्य नाही.

गाळ कसा तयार होतो?

द्राक्ष व डाळिंब बागाईतदारांना बोर्डो मिश्रण परिचित आहे. 1 टक्का मिश्रणासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना व 100 लिटर पाणी घेतात. मोरचुदातील तांबे चुन्याच्या संयोगाने निळ्या साक्याच्या रूपात वेगळे होते. कारखान्यातही हेच तत्त्व वापरतात. सांडपाण्यातील विषारी सहासंयुजी क्रोमियमचे प्रथम कमी विषारी त्रिसंयुजी क्रोमियममध्ये रूपांतर करतात. नंतर चुना टाकला की क्रोमियम, निकेल, जस्त व लोह यांची हायड्रॉक्साइडे तळाशी बसतात.

उष्णतेचा परिणाम

हायड्रॉक्साइड म्हणजे धातू, ऑक्सिजन व हायड्रोजन यांचे संयुग होय. ते तापविले की त्यातील हायड्रोजन व काही ऑक्सिजन पाण्याच्या वाफेच्या रूपाने निघून जातो आणि धातूचे ऑक्साइड शिल्लक राहते. तांब्याचे निळे हायड्रॉक्साइड काळे पडते. लोहाचे पिवळसर संयुग सुमारे 250 ते 300 अंश सें. तापमानास लाल होते. वीटभट्टीत कच्ची वीट लाल होते, त्यामागे मातीतील लोहाचा हाच बदल असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कोरडे जस्त हायड्रॉक्साइड 100 ग्रॅम तापविल्यास सुमारे 82 ग्रॅम जस्त ऑक्साइड उरते. घटलेले 18 ग्रॅम हे निव्वळ पाणी असते, जस्त सगळेच्या सगळे मागे राहते. म्हणजेच उष्णतेने धातू नष्ट होत नाही, उलट उरलेल्या भुकटीत त्याचे प्रमाण वाढते.

कण किती बारीक?

बेताच्या उष्णतेवर वाफ निघून गेल्यावर कणांत असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात व ऑक्साइडचे अतिशय बारीक कण तयार होतात. 100 नॅनोमीटरपेक्षा लहान कणांना नॅनोकण म्हणतात. 1 नॅनोमीटर म्हणजे 1 मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. उष्णता फार वाढविल्यास हेच कण एकमेकांस चिकटून जाड होतात. म्हणून प्रयोगशाळेत शुद्ध हायड्रॉक्साइड घेऊन तापमान व वेळ काटेकोरपणे सांभाळतात. कण जितका बारीक, तितका त्याचा एकूण पृष्ठभाग जास्त व तो तितका क्रियाशील. जस्त ऑक्साइडचे खत बारीक असावे लागते ते याचसाठी. परंतु मिश्र गाळ उघड्यावर जाळल्यास ना तापमानावर ताबा राहतो, ना धातू वेगळे होतात. बारीक धूळ मात्र वाऱ्याबरोबर उडून श्वासावाटे शरीरात जाते.

क्रोमियमचा खरा धोका

गाळात चुना असतोच. असा गाळ हवेत काही शे अंशांपर्यंत तापला की त्यातील काही त्रिसंयुजी क्रोमियम पुन्हा सहासंयुजी होऊन कॅल्शियम क्रोमेट तयार होते. कारखान्यात खर्च करून केलेली प्रक्रिया अशा प्रकारे उलटते. सहासंयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे व पाण्यात विरघळते. पावसाबरोबर ते विहिरीत किंवा ओढ्यावाटे पवना-इंद्रायणीत जाऊ शकते. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला 0.05 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक आहे.

घ्यावयाची दक्षता

1. प्लेटिंगचा गाळ खत, चुना किंवा भराव म्हणून शेतात घेऊ नये. 2016 च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे. त्याची विल्हेवाट रांजणगावसारख्या अधिकृत केंद्रातच व्हावी लागते.

2. बांधावर असा गाळ आढळल्यास तेथे पाचट, काडीकचरा पेटवू नये. तो उघड्या हाताने हाताळू नये, जनावरे दूर ठेवावीत.

3. वीटभट्टीसाठी माती देताना किंवा घेताना तीत असा गाळ मिसळू देऊ नये.

4. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयास लेखी कळवावे. जवळच्या विहिरीचे पाणी क्रोमियम व निकेलसाठी तपासून घ्यावे. पाणी पिवळसर दिसल्यास त्याचा वापर ताबडतोब थांबवावा. मात्र रंग नसला म्हणजे पाणी निर्धोक, असे समजू नये.

5. जस्ताची गरज माती परीक्षणावरून ठरवावी. उपलब्ध जस्त 0.6 पीपीएमपेक्षा कमी असल्यास शिफारशीनुसार हेक्टरी 20 ते 25 किलो झिंक सल्फेट द्यावे.

झिंक सल्फेटची पिशवी विकत घ्यावी लागते आणि गाळ फुकट मिळतो, हे खरे. परंतु जमिनीत एकदा मिसळलेले क्रोमियम व निकेल पुन्हा काढून घेणे जवळजवळ अशक्य असते, हे गाळाची ट्रॉली शेतात रिकामी होण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.