यांत्रिक नौकेतील स्टर्नड्राइव्हची घसरण : दोषनिदानाची तर्कपद्धती

सारांश

इंजिनाचे फेरे वाढतात, परंतु नौकेचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही, या अवस्थेस बोलीत 'ड्राइव्ह घसरते' असे म्हणतात. हे लक्षण एक असले तरी त्याची कारणे किमान चार आहेत व ती यंत्रणेच्या निरनिराळ्या भागांत असतात. लक्षणावरून थेट एका कारणाकडे उडी न घेता, स्वस्त व बाहेरून करता येणाऱ्या चाचण्यांपासून आरंभ करून क्रमाक्रमाने आत कसे जावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : स्टर्नड्राइव्ह, प्रोपेलर, क्लच, कपलर, दोषनिदान, अनुमान.

प्रस्तावना

स्टर्नड्राइव्ह ही नौकेच्या पिछाडीस बसविलेली शक्तिवहन यंत्रणा होय. हिच्यात इंजिन नौकेच्या आत असते, तर गिअर व प्रोपेलर असलेला पाय पिछाडीच्या उभ्या फळीबाहेर पाण्यात असतो. हा पाय डावीउजवीकडे वळवून नौकेची दिशा बदलता येते, म्हणून वेगळ्या सुकाणूची गरज राहत नाही. जिम विन या अमेरिकन अभियंत्याच्या कल्पनेवर आधारित अशी यंत्रणा स्वीडनच्या व्हॉल्व्हो पेंटा कंपनीने 'अ‍ॅक्वामॅटिक' या नावाने 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या नौकाप्रदर्शनात मांडली. त्यानंतर 1961 मध्ये अमेरिकेत 'मर्क्रूझर' ही यंत्रणा बाजारात आली. आजही या दोन नावांच्या यंत्रणा सर्वाधिक परिचित आहेत.

ही यंत्रणा घसरू लागली म्हणजे प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही. धक्क्यापाशी नौका थांबविण्यासाठी मागचा गिअर टाकावा लागतो. भरती-ओहोटीच्या प्रवाहात किंवा खडकाळ किनाऱ्याजवळ नौकेचा ताबा इंजिनाच्या जोरावरच टिकतो. अशा क्षणी शक्ती पंख्यापर्यंत पोहोचली नाही तर जीवितास धोका संभवतो. दुसरीकडे, चुकीच्या निदानामुळे संपूर्ण इंजिन बाहेर काढले जाते आणि दोष मात्र बाहेरच्या पंख्यात निघतो, असेही घडू शकते.

घसरणीचे दोन अर्थ

प्रारंभी एक संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. पाणी हा घन पदार्थ नसल्यामुळे प्रत्येक पंखा थोडासा 'घसरतोच'. पंख्याचा पिच 19 इंच म्हणजे 48.26 सेंटीमीटर असेल, तर एका फेऱ्यात तो सैद्धांतिकदृष्ट्या तेवढा पुढे जावा. इंजिनाचे मिनिटास 3000 फेरे व गिअरचे गुणोत्तर 1.5 असल्यास पंखा मिनिटास 2000 फेरे घेतो. यावरून सैद्धांतिक वेग ताशी सुमारे 57.9 किलोमीटर येतो. प्रत्यक्ष वेग ताशी 51 किलोमीटर असल्यास घसरण सुमारे 12 टक्के ठरते. पाण्यावर उचलून धावणाऱ्या नौकेसाठी ही स्वाभाविक घसरण होय. मात्र त्याच फेऱ्यांना वेग ताशी 30 किलोमीटर भरला, तर घसरण सुमारे 48 टक्के होते व दोषाचा शोध घेणे भाग पडते.

म्हणून टॅकोमीटरवरील फेरे व जीपीएसवरील वेग यांची नोंद ही निदानाची पहिली पायरी ठरते. नौका सुस्थितीत असतानाची अशी नोंद हाताशी असल्यास तुलना सुकर होते. फेरे व वेग ही दोन्ही कमी असतील तर ती घसरण नव्हेच. इंजिनाची शक्ती घटली आहे किंवा तळावर शेवाळ व शिंपले साचले आहेत, असे मानून निराळ्या दिशेने तपास करावा.

लक्षणाची तार्किक मर्यादा

भारतीय न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान करतात, कारण धूर अग्नीवाचून आढळत नाही. परंतु जो हेतू साध्य असताना व नसतानाही आढळतो, त्यास 'अनैकान्तिक' म्हटले जाते व त्यावरून निश्चित अनुमान निघत नाही. 'फेरे वाढले, वेग वाढला नाही' हे लक्षण एखाद्या विशिष्ट भागाच्या संदर्भात असेच अनैकान्तिक आहे. ते क्लच बिघडला असताही दिसते आणि क्लच उत्तम असताही दिसते. अशा वेळी अन्वय-व्यतिरेकाचा आधार घ्यावा लागतो : कोणती परिस्थिती असताना घसरण होते व कोणती नसताना होत नाही, हे पाहावे लागते. पुढील चारही कारणांचा विचार याच दृष्टीने केला आहे.

घसरणीची चार स्थाने

1. पंख्याभोवतीचे पाणी : पंख्याने पृष्ठभागावरील हवा ओढून घेतली की त्याची पकड सुटते. तीव्र वळणावर किंवा ड्राइव्हचा पाय ट्रिमद्वारे प्रमाणाबाहेर वर उचलला असता हे घडते. पाय खाली घेताच पकड परत येते. पाती वाकलेली वा मोडलेली असणे, त्यांत दोर गुंतणे ही कारणेही येथेच तपासावीत. ट्रिम बदलल्याने घसरण नाहीशी होत असेल, तर यांत्रिक भाग उघडण्याचे कारण उरत नाही.

2. पंख्याचा हब : अनेक पंख्यांच्या मध्यभागी, आतली धातूची नळी व बाहेरचे नळकांडे यांच्यामध्ये, दाबून बसविलेला रबरी हब असतो. वाळूच्या दांड्यावर वा ओंडक्यावर पंखा आपटल्यास हा हब गिअरचे रक्षण करतो. आघाताने किंवा वयोमानाने त्याची पकड सुटते. तेव्हा मंद गतीत नौका व्यवस्थित चालते, पण जोर दिला की इंजिन एकाएकी भरारते. याची चाचणी अत्यंत साधी आहे. आतली नळी व बाहेरचे नळकांडे यांवरून एक सरळ रेघ रंगाने ओढावी, पाण्यात पूर्ण जोर देऊन फेरी मारावी आणि रेघ पाहावी. रेघ तुटून दोन भाग परस्परांपासून सरकले असतील तर निदान निश्चित झाले. बदलता येणारा प्लास्टिकचा हब असल्यास पंखा काढून तो प्रत्यक्ष पाहावा.

3. क्लच व गिअरची केबल : येथे यंत्रणेची रचना माहीत असणे अगत्याचे आहे. मर्क्रूझरच्या 'अल्फा वन' मध्ये खालच्या गिअरपेटीत दात्यांचा क्लच असतो. दाते झिजले असता तो सहसा गुळगुळीत घसरत नाही. तो ठोके देत गिअरमधून निसटतो. 'ब्राव्हो' मालिकेत व व्हॉल्व्हो पेंटाच्या 290 सारख्या यंत्रणांत वरच्या पेटीत शंकूच्या आकाराचा घर्षण क्लच असतो. त्याचा पृष्ठभाग झिजून गुळगुळीत झाला की तो आवाज न करता घसरतो. केबलचा ताण बिघडून गिअर पूर्ण न बसल्यासही हीच लक्षणे उद्भवतात, म्हणून केबल आधी तपासावी. पुढच्या व मागच्या गिअरची तुलनाही उपयुक्त ठरते. घसरण एकाच दिशेत असेल तर संशय क्लचवर जातो, कारण हब व कपलर दोन्ही दिशांना सामाईक आहेत. मात्र मागच्या गिअरमध्ये भार कमी असतो. त्यामुळे तेथे घसरण न दिसणे हा एकट्याने पुरेसा पुरावा नव्हे.

4. इंजिनाचा कपलर : फ्लायव्हीलवर बसविलेला, रबराने जोडलेला हा भाग इंजिनाची शक्ती ड्राइव्हच्या शाफ्टला देतो. रबर सुटू लागले की इंजिनकक्षात जळक्या रबराचा वास येतो व फ्लायव्हीलच्या आवरणापाशी काळी भुकटी आढळते. इंजिन व ड्राइव्ह एका रेषेत नसल्यास कपलरच्या खाचा झिजतात. म्हणून नवा कपलर बसविताना रेषा तपासली नाही, तर तोच दोष पुन्हा उद्भवतो. हा भाग बदलण्यासाठी बहुधा इंजिन पुढे सरकवावे वा बाहेर काढावे लागते. याच कारणास्तव त्याचा क्रम शेवटचा.

तपासणीचा क्रम

प्रथम वेग व फेऱ्यांची नोंद, नंतर ट्रिम व पाती, मग हबवरील रेघ, त्यानंतर केबल, असा क्रम ठेवावा. पुढे गिअरतेल काढून पाहावे. दुधाळ तेल पाण्याचा शिरकाव दर्शविते, तर धातूचे कण व जळका वास अंतर्गत झीज सुचवितात. यानंतर नौका किनाऱ्यावर घेऊन, इंजिन बंद करून, चावी काढून व बॅटरी तोडून पंखा हाताने फिरवावा. गिअर टाकताना पंखा किंचित हलवत राहावे. गिअर बसल्यावर पंखा किमान एका दिशेने अडला पाहिजे. तो दोन्हीकडे मोकळा फिरत असेल तर गिअर बसलेला नाही, किंवा कपलरच्या खाचा पूर्ण झिजल्या आहेत. यांतील दुसरी शक्यता पडताळण्यासाठी ड्राइव्हचा पाय उतरवून कपलरच्या खाचा पाहाव्यात.

मात्र या चाचणीची मर्यादा ध्यानी घ्यावी. हाताचा जोर इंजिनाच्या जोरापुढे नगण्य असतो. अर्धवट सुटलेले रबर व झिजलेला शंकू हाताला घट्टच लागतात. ट्रेलरवर उभ्या नौकेत इंजिन चालवूनही काही सिद्ध होत नाही, कारण पंख्यावर पाण्याचा भार नसतो. फिरता पंखा जवळच्या माणसास मात्र धोकादायक ठरतो. भाराखाली प्रकटणारा दोष भाराखालीच, मोकळ्या पाण्यात, सोबत दुसरी नौका ठेवून पडताळावा.

निष्कर्ष

1. फेरे व वेग यांचे मापन केल्याशिवाय 'ड्राइव्ह घसरते' हे विधान अपूर्ण आहे.
2. घसरण हे एकच लक्षण पाणी, हब, क्लच व कपलर या चार स्थानांतून उद्भवू शकते. त्यावरून एका भागाचे थेट अनुमान सदोष ठरते.
3. ट्रिम, भार व दिशा यांपैकी एका वेळी एकच घटक बदलून निरीक्षण केल्यास कारणे परस्परांपासून वेगळी करता येतात.
4. चाचण्यांचा क्रम खर्च व श्रम यांच्या चढत्या श्रेणीने ठेवावा. रंगाची एक रेघ जे सांगू शकते, त्यासाठी इंजिन उचलू नये.

प्रयोगशाळेत अथवा कार्यशाळेत विद्यार्थ्यांना दोषनिदान शिकविताना उत्तरापेक्षा हा क्रम महत्त्वाचा मानला जावा. यंत्र बदलले तरी क्रम उपयोगी पडतो.