१३ ओळी, १७ चुका

जेरल्ड वाइनबर्ग यांच्या १९७१ सालच्या ‘द सायकॉलॉजी ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या पुस्तकात एका प्रोग्रॅमरचा किस्सा आहे. एके दिवशी त्यानं आपला कोड सहकारी बाईंपुढे वाचायला ठेवला. अवघ्या १३ ओळींत त्यांनी १७ चुका दाखवल्या. गडी खट्टू झाला नाही. भेटेल त्याला तो दिवसभर हसत सांगत राहिला, की आज माझे डोळे कुठे गेले होते कोण जाणे! बाईंनी मात्र कोड पुन्हा वाचला, आणि आणखी ३ चुका निघाल्या.

मला ते हसणं फार मोलाचं वाटतं. तो चिडला असता, तर पुढच्या तीन चुका शोधायला कोण बसलं असतं?

आज हेच काम ‘कोड रिव्ह्यू’ या नावानं रोज चालतं. आपला बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधी दुसरं कुणीतरी तो वाचतं, शेरे लिहितं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका सीनियरनं माझ्या कोडवर ‘हे काय आहे?’ एवढंच लिहिलं. त्यानंतर कित्येक महिने मी त्यांना काही विचारलंच नाही. अडलं तिथे अंदाजानं लिहीत गेलो, आणि त्यातली एक चूक थेट ग्राहकाकडे पोचली. पुढच्या टीममधल्या ताई तोच मुद्दा असा मांडायच्या : ‘यादी रिकामी आली तर इथे काय होईल?’ उत्तर शोधता शोधता चूक माझी मलाच सापडायची.

संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७२ सालच्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानाचं नावच ‘द हम्बल प्रोग्रॅमर’ ठेवलं होतं. माणसाच्या डोक्यात फार थोडं मावतं, हे ओळखून प्रोग्रॅम लिहावा, असं त्यांचं सांगणं. ही नम्रता भिडस्त नाही. न पटलेलं ती स्पष्ट बोलते.

टीम लीड झालं की स्वतःच्या हातचा कोड कमी होतो. दिवस जातो इतरांचं वाचण्यात, तारीख का लांबली हे ग्राहकाला सांगण्यात, नव्या पोरांना धीर देण्यात. तिथे नुसतं कसब पुरत नाही. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू केली, २००५ मध्ये कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट लिहिलं. त्यांच्या कसबाबद्दल कुणालाच शंका नव्हती. तरीही १६ सप्टेंबर २०१८ रोजी, ई-मेलमधल्या आपल्या बोचऱ्या भाषेबद्दल त्यांनी जाहीर माफी मागितली. लोकांच्या भावना समजून घ्यायला मदत घेईन, असं सांगून ते काही आठवडे बाजूला झाले. लिनक्सची ४.१९ ही आवृत्ती त्यांचे सहकारी ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी पूर्ण केली. टॉरवाल्ड्स तेव्हा ४८ वर्षांचे होते.

परवा टीममधल्या एका नव्या मुलीनं माझ्याच कोडमधली चूक दाखवली. शेऱ्याच्या शेवटी लिहिलं होतं, ‘सॉरी सर’. ते दोन शब्द मी तिला पुसायला लावले आणि म्हटलं, आता अजून एकदा वाच.