बगीचा नंतर पाहा, आधी आईची पाठ पाहा

वृद्धाश्रमात ठेवलेल्या माणसाची देखभाल घरच्यांनी कशी तपासावी?

वृद्धाश्रम हा शब्द आपल्या वस्तीत अजून दबक्या आवाजात बोलला जातो. ‘आईला टाकले’ असे शेजारी म्हणतील, ही भीती असते. पण दहा बाय दहाची खोली, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली सासू, मुलगा कंपनीत, सून चार घरची धुणीभांडी करणारी आणि संडास गल्लीच्या टोकाला, अशी घरे आम्ही वस्तीवस्तीत पाहतो. काहींच्या मागे तर सांभाळणारे कोणी उरलेलेच नसते. अशा वेळी वृद्धाश्रमाचा आधार घेण्यात कमीपणा नाही. मात्र माणूस तिथे पोचवला म्हणजे जबाबदारी संपली, असे समजू नका. तिथून पुढे एक नवे काम सुरू होते, ते म्हणजे नजर ठेवण्याचे.

तपासणी कोण करते?

इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन नावाची यंत्रणा आहे. तिचे निरीक्षक पाच गोष्टी पाहतात: माणूस सुरक्षित आहे का, देखभालीचा त्याला उपयोग होतो का, वागणूक मायेची आहे का, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे सेवा मिळते का आणि कारभार नीट आहे का. मग ते शेरा देतात आणि तो शेरा लोकांना दिसेल असा लावणे संस्थेला बंधनकारक असते.

आपल्याकडे आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा २००७ चा कायदा आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा निदान एक वृद्धाश्रम राज्य सरकारने काढावा, अशी तरतूद त्याच्या कलम १९ मध्ये आहे. पण तिची भाषा सक्तीची नाही. ज्येष्ठांच्या निवासांची नोंदणी करण्याची तरतूद असलेले दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, ते मंजूर झाले नाही. अनुदान घेणाऱ्या वृद्धाश्रमांचा समाजकल्याण खात्याशी संबंध येतो. महिन्याला पैसे घेणाऱ्या खासगी आश्रमात मात्र तपासणीला कोणी साहेब कधी येईल, याचा भरवसा नाही. म्हणून नियमित येऊ शकेल असा निरीक्षक एकच उरतो: घरचा माणूस.

न कळवता जा

रविवारी सकाळी अकरा वाजता सगळेच वृद्धाश्रम चांगले दिसतात. चादरी धुतलेल्या, केस विंचरलेले. तुम्ही कधी बुधवारी संध्याकाळी सातला जा, कधी सकाळी लवकर जा. भेटीच्या वेळा ठरवून देणे समजण्यासारखे आहे. पण खोलीपर्यंत कधीच जाऊ देत नसतील, माणसाला ऑफिसात आणूनच भेट घडवत असतील, तर तो धोक्याचा इशारा समजा. आत शिरताच वास घ्या. एखाद्या खाटेजवळ लघवीचा वास येणे साहजिक आहे. साऱ्या खोल्यांत, प्रत्येक भेटीत तोच वास असेल, तर ओले कपडे तासन्‌तास बदलले जात नाहीत.

पाठ, खुबे आणि टाचा

एका खासगी वृद्धाश्रमात आम्ही वस्तीतल्या एका आजींना भेटायला गेलो. पुढे फुललेला बगीचा, भिंतीवर देणगीदारांच्या पाट्या. आजींच्या पायावरचे पांघरूण बाजूला केले, तर दोन्ही टाचा काळ्या पडलेल्या. मुलगा दर रविवारी येत होता, चेहरा पाहून, बिस्किटे देऊन जात होता. टाचाही पाहायच्या असतात, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

जो माणूस स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही बदलली, तर हाडावरच्या कातडीचा रक्तपुरवठा तुटतो आणि बेडसोर होतो. माकडहाड, खुबे, टाचा, कोपरे, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू या जागा प्रत्येक भेटीत पाहा. पुस्तकात ‘कातडी लाल दिसते’ असे लिहिलेले असते. आपल्या सावळ्या-काळ्या कातडीवर ती लाली दिसेलच असे नाही. म्हणून हात लावून पाहा. आजूबाजूपेक्षा जागा गरम किंवा गार लागते का, कडक किंवा लिबलिबीत लागते का, जास्त काळी पडली आहे का, तिथे दुखते का? असे असेल तर जखम आतून सुरू झाली आहे. त्या जागेवर तेल चोळू नका, बसायला गोल रिंगची गादी देऊ नका. दोन्हींनी नुकसान होते. त्या जागेवरचा दाब काढा आणि नर्सला त्याच वेळी दाखवा.

तांब्या कुठे ठेवला आहे?

पाणी खोलीत आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. डाव्या अंगाला लकवा असेल आणि तांब्या डाव्या बाजूला ठेवला असेल, तर तो नसल्यासारखाच. म्हातारपणी तहान कमी लागते, त्यामुळे पाणी आठवणीने पाजावे लागते. काही ठिकाणी रात्री डायपर बदलावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच देत नाहीत. जीभ कोरडी, लघवी गडद पिवळी आणि थोडी, बोलण्यात अचानक गोंधळ, अशी लक्षणे दिसली तर विचारा: आज किती पाणी दिले? लघवीची नळी घातलेली असेल, तर पिशवी कमरेच्या खाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये.

जेवताना माणसाला बसवतात का, हे एकदा स्वतः पाहा. आडवे ठेवून भरवले तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. जेवणानंतरही अर्धा तास टेकवून बसवायला हवे. दर महिन्याचे वजन लिहिलेले आहे का, ते मागा. लिहिलेले नसेल तर हातातल्या बांगड्या आणि पोलके किती सैल झाले, ते पाहा.

दुपारी बारा वाजता सगळे झोपलेले?

प्रत्येक माणसाच्या नावाचा औषधांचा कागद हवा: कोणती गोळी, किती वाजता, कोणी दिली, सही. सगळ्यांच्या गोळ्या एकाच डब्यात असतील तर ते धोक्याचे आहे. भर दिवसा खोलीतले सगळेच पेंगत असतील, जीभ जड झाली असेल, अलीकडे तोल जाऊन पडणे वाढले असेल, तर झोपेची गोळी चालू आहे का ते विचारा. अल्प्राझोलाम, लोराझेपाम यांसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. ती चिठ्ठी पाहायला मागा. मात्र अशी गोळी बरेच दिवस चालू असेल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्यानेही त्रास होतो. मनगटांवर वळ दिसले तर हात खाटेला बांधतात का, हे स्पष्ट विचारा.

रात्रीचा हिशेब

आमच्यापैकी बहुतेकींनी वॉर्डात नाइट ड्युटी केलेली आहे. म्हणून आम्ही वृद्धाश्रमात पहिला प्रश्न हाच विचारतो: रात्री किती मावशी असतात?

हिशेब करा. अंथरुणाला खिळलेली २० माणसे. रात्री १० ते सकाळी ६ या आठ तासांत प्रत्येकाची कूस चार वेळा बदलायची, म्हणजे ८० वेळा. एका वेळेला पाच मिनिटे धरली तर ४०० मिनिटे, म्हणजे ६ तास ४० मिनिटे. उरली ८० मिनिटे. त्यात डायपर, पाणी, कोणाला संडासला नेणे, कोणाचा दम लागणे. आणि माणसाला न फरफटवता वळवायचे तर दोघीजणी लागतात. एकटीच मावशी असेल तर कूस बदललेली नसणार, हे कागदावरच सिद्ध झाले.

म्हणून जखम दिसली की मावशीवर तुटून पडू नका. ती आपल्यासारख्याच वस्तीतून येते, कमी पगारात लांबलचक ड्युटी करते. ड्युटीचा तक्ता व्यवस्थापक बनवतो. प्रश्न त्याला विचारा.

संडास, कुलूप आणि ताट

संडासात हाताने धरायला दांडा आहे का? फरशी ओली राहते का? रात्री दिवा असतो का? लकवा किंवा मधुमेह असलेल्याला पाण्याचा चटका कळत नाही. अंघोळीचे पाणी आधी कोण तपासते? रात्री दाराला कुलूप असेल तर किल्ली कोणाजवळ असते? आग विझवण्याच्या नळकांड्यावरची तारीख वाचा. महाराष्ट्राचा २००६ चा अग्निसुरक्षा कायदा लागू असलेल्या इमारतींना वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ते मागा.

श्रावणबाळ योजनेचे पैसे कोण काढते, पासबुक कोणाकडे आहे, हेही पाहा. जेवणाच्या पंगतीत आपल्या माणसाला वेगळे बसवतात का, ताट-पेला वेगळा ठेवतात का, हे त्याला एकट्याला गाठून विचारा. चारचौघांत तो सांगणार नाही. अशी वागणूक अस्पृश्यताच आहे आणि १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याचा आधार घेता येतो.

काही चुकीचे दिसले तर

१. जखम असेल तर आधी सरकारी दवाखाना. केसपेपर हाच पुढचा पुरावा. ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत.

२. काय दिसले ते तारीख-वेळेसह लिहा. माणसाची परवानगी घेऊन फोटो काढा.

३. व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

४. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८, फुकट. जिवाला धोका असेल तर ११२.

५. अनुदानित आश्रम असेल तर सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे तक्रार द्या. माहितीच्या अधिकारात तपासणीचे अहवाल मागा. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही नाहीत. उत्तराची मुदत ३० दिवस.

६. सांभाळाची जबाबदारी असलेल्याने ज्येष्ठाला कायमचे सोडून देण्याच्या हेतूने कुठेही टाकले, तर २००७ च्या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. हे आपल्या घरच्यांनाही लागू आहे.

“तक्रार केली तर आईला बाहेर काढतील,” ही भीती आम्ही प्रत्येक घरात ऐकतो. ती खोटी नाही. एकट्याच्या अर्जावर असा दबाव येऊ शकतो, पाच घरांच्या सह्यांवर तो आणणे अवघड जाते. म्हणून त्याच आश्रमातल्या इतर नातेवाइकांचे फोन नंबर घ्या, भेटीचे दिवस वाटून घ्या. म्हणजे आठवड्यात रोज कोणीतरी आत जाईल. वस्तीतल्या महिला मंडळानेही महिन्यातून एक फेरी ठेवावी.

आणि गेलात की शेजारच्या खाटेकडेही वळा. ज्याच्याकडे कोणीच येत नाही, त्याच्या टाचा कोणीच पाहत नाही. त्याचा तांब्या हाताला येईल असा सरकवून ठेवा, त्याची पाठ एकदा पाहा.