अंगण : छप्पर नसलेली खोली

घर बांधून झाल्यावर जी जागा शिल्लक राहते तिला अंगण म्हणावे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः अंगण ही उरलेली जागा नव्हे; ती घराचीच एक खोली होय. तिला भिंती असतात, फरशी असते, उपयोगही असतो. नसते ते केवळ छप्पर. आणि छप्पर नसणे हाच तिचा गुण होय. तो कसा, हे आपण प्रथम पाहू.

कोरड्या व उष्ण प्रदेशात, उदाहरणार्थ अहमदाबादच्या जुन्या पोळींमध्ये, घराच्या मध्यभागी चौक ठेवण्याची रीत आहे. सूर्यास्तानंतर चौकाची फरसबंदी, भिंती व भोवतालची छपरे दिवसभर साठविलेली उष्णता निरभ्र आकाशाकडे टाकू लागतात. त्यांना लागून असलेली हवा थंड होते आणि जड झाल्यामुळे चौकात उतरून खोल्यांत पसरते. सकाळी भिंतींची सावली हा गारवा काही काळ राखून ठेवते. मध्यान्ही ऊन तळाशी पोचले म्हणजे तापलेली हवा वर जाते आणि तिच्या जागी गल्लीतील हवा खोल्यांमधून खेचली जाते. समुद्रकाठी मात्र हा उपाय तितकासा लागू पडत नाही. दमट हवा व ढग उष्णतेला सहजी निसटू देत नाहीत. तेथे वाऱ्याला आरपार वाट देणेच अधिक श्रेयस्कर.

यावर कोणी विचारील, शहरात जमीन इतकी महाग असताना अंगणाची चैन परवडावी कशी? याचे उत्तर गणित देते. १०० मीटर लांब व तितकाच रुंद असा एक भूखंड घ्या. त्याच्या मधोमध ५० मीटर बाजूची चौरस इमारत उभारली, तर ती २,५०० चौरस मीटर जागा व्यापील. आता तेवढीच जागा व्यापणारी इमारत भूखंडाच्या कडेने चौफेर बांधा. तिची रुंदी सुमारे ६.७ मीटर पुरेल आणि आत ८६.६ मीटर बाजूचे सलग अंगण मिळेल. मजले तितकेच, बांधकामाचे क्षेत्रफळही तितकेच. परंतु सर्व खोल्यांना उजेड आणि मुलांना मैदान! केंब्रिज विद्यापीठातील लेस्ली मार्टिन व लायनेल मार्च यांनी १९६० नंतरच्या दशकात या साध्या सत्याकडे वास्तुशिल्पज्ञांचे लक्ष वेधले.

मोकळ्या जागेची सर्वांत अधिक निकड असते ती एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला. हे ओळखून बाळकृष्ण दोशी यांनी इंदूर येथील अरण्य या वसाहतीची आखणी केली. १९८३ मध्ये हाती घेतलेल्या या योजनेत सुमारे ६,५०० भूखंड होते. त्यांपैकी सर्वांत लहान अवघे ३५ चौरस मीटरांचे. गरीब कुटुंबाला जोते, न्हाणी-शौचालय व एक खोली एवढेच तयार मिळे. पुढील घर त्याने ऐपतीप्रमाणे वाढवावयाचे. दहा घरांचा एक गट, प्रत्येक घराच्या मागे अंगण आणि गटाचे तोंड गल्लीकडे, अशी रचना होती. गल्लीवर ओटे व जिने आले. अशा घरात धान्य वाळविणे, मुलांचा अभ्यास, शेजाऱ्यांशी गप्पा यांना खोलीबाहेरही ठिकाण मिळते. १९९५ साली या वसाहतीस आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

परंतु अंगण बांधणे सोपे, राखणे अवघड. प्रथम तेथे एखादे वाहन उभे राहते, मग अडगळ येते, मग त्यावर पत्रा चढतो. पत्रा चढला की उष्णतेची रात्रीची वाट बंद झाली आणि सर्वांची जागा एकाची झाली. ही हानी कोणाच्याही हिशेबात दिसत नाही. उन्हाळ्याच्या रात्री मात्र ती अंगाला जाणवते.

वाचकांनी स्वतः पडताळा पाहावा. दोन तापमापक घ्या. एक उघड्या अंगणात व एक पत्र्याखाली ठेवा. निरभ्र रात्री सूर्यास्तास, दहा वाजता व पहाटे दोन्हींवरील तापमान टिपून घ्या. उघड्या आकाशाचे मोल त्या आकड्यांतून आपल्यापुढे येईल.